जुना ट्रक स्टार्ट होत नाही? पाना उचलण्याआधी कान लावा!

पहाटेचे चार वाजलेत. टोमॅटोचे क्रेट भरून तयार आहेत, सातच्या आत बाजार समिती गाठायची आहे आणि घरची जुनी ४०७ काही केल्या सुरू होत नाहीये. अशा वेळी काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. एक जण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो पंप गेला, तिसरा म्हणतो धक्का मारा. मग अर्धा तास सेल्फ मारून मारून जी बॅटरी चांगली होती तीही उतरते. माल जागेवर, भाव खाली आणि वर नवीन बॅटरीचा काही हजारांचा खर्च. खरा दोष मात्र गंजलेल्या एका नटात असू शकतो.

आजच्या लेखात आपण हेच बघणार आहोत की जुना डिझेल ट्रक सुरू होत नसेल तर दोष नेमका कुठे आहे, हे पाच-दहा मिनिटांत कसं ओळखायचं. उदाहरण म्हणून टाटा ४०७ घेऊया. १९८६ साली बाजारात आलेली ही गाडी आजही गावोगावी धावते. पण इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी यांत्रिक डिझेल पंप असलेल्या कुठल्याही जुन्या ट्रकला, टेम्पोला आणि ट्रॅक्टरलाही लागू होतात.

मोबाइल ॲप लावून दोष कळेल का?

सरळ उत्तर: नाही. नवीन गाड्यांमध्ये इंजिनाचा कारभार एक छोटा कॉम्प्युटर बघतो. त्याच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ स्कॅनर लावला की दोषाचा कोड फोनवर येतो. जुन्या यांत्रिक ट्रकमध्ये असा कॉम्प्युटरच नाही, मग कोड येणार कुठून? असा स्कॅनर कुणी 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून विकत असेल तर जुन्या ट्रकसाठी तो घेऊ नका.

पण यातच एक चांगली गोष्ट लपली आहे. कॉम्प्युटर नाही म्हणजे बिघडण्यासारख्या गोष्टीही कमी. हे इंजिन सुरू व्हायला फक्त तीन गोष्टी लागतात:

१. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवलं पाहिजे.
२. सिलिंडरमध्ये हवा जाऊन ती नीट दाबली गेली पाहिजे.
३. त्या हवेत योग्य वेळी डिझेलचा फवारा पडला पाहिजे.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. हवा मूळ आकाराच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या भागाइतकी दाबली जाते आणि त्या दाबानेच ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. तिच्यात डिझेल पडलं की ते आपोआप पेट घेतं. म्हणून सेल्फ मंद फिरला तर डिझेल मिळूनही इंजिन पेट घेत नाही, कारण हळू दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत जुन्या गाड्या सकाळी कुरकुरतात त्याचं कारणही हेच. बॅटरी थंड, ऑइल घट्ट आणि इंजिनाचं लोखंडही गार.

सुरुवातीला एक मिनिट सुरक्षेसाठी

गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. लोड असेल तर हे दुप्पट काळजीने करा. काही जण खाली घुसून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडतात आणि इंजिन फिरवतात. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्याच क्षणी पुढे उडी घेते आणि माणूस चाकापुढे असतो. हा प्रकार करूच नका.

बॅटरीजवळ बिडी, काडीपेटी किंवा लायटर नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. आणि हो, हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. पान्याने किंवा कड्याने दोन टर्मिनल जोडले गेले तर धातू क्षणात लाल होतो.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतंय का?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. इंजिन फिरत नसेल किंवा रडत रडत फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूला आहे. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बहुतेक वेळा दोष डिझेलच्या बाजूला आहे. पहिल्या प्रकारात डिझेल फिल्टर बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्या प्रकारात बॅटरी बदलून उपयोग नाही. इतकं पक्कं डोक्यात ठेवलं तरी निम्मा फालतू खर्च वाचतो.

आता कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही आवाज ऐका. फोनवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंगही करा, ते पुढे कामाला येईल.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सुटलं आहे किंवा बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद आहे. आधी स्विच बघा. बऱ्याच वेळा तोच निघतो.

दिवे झगझगीत, पण सेल्फ गप्प: बॅटरी ठीक आहे, पण चावीचा हुकूम सेल्फपर्यंत पोचत नाही. चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला येणारी बारीक वायर तपासा.

एकच 'टक्': सोलेनॉइड ओढला जातो, पण मोटर फिरत नाही. केबलचा जोड, सेल्फमधले झिजलेले कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइडचे जळालेले कॉन्टॅक्ट असू शकतात. क्वचित इंजिनच जाम असतं.

'टक टक टक टक' अशी सरबत्ती: बॅटरी उतरल्याची ही जुनी खूण. सोलेनॉइड ओढला की सेल्फ मोठा करंट मागतो, बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. सेकंदात अनेक वेळा हेच चालू राहतं.

'घुंऽऽ... घुंऽऽ' असं जड फिरणं: बॅटरी अर्धवट उतरलेली, टर्मिनल गंजलेलं किंवा अर्थिंग खराब.

नुसतं 'घर्रर्र', इंजिन मात्र स्थिर: सेल्फ फिरतो पण त्याचा गिअर फ्लायव्हीलच्या दातांत अडकत नाही. बेंडिक्स किंवा रिंग गिअरचे दात गेलेत. हे गॅरेजचं काम आहे.

विजेची बाजू: बॅटरीला दोष देण्याआधी

हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. दिवे एकदम विझत आले तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनलचा जोड ढिला आहे. दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. थोडेसे मंद झाले तर ते नॉर्मल आहे.

यापुढे जायचं असेल तर एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो काहीशे रुपयांत मिळतो आणि जुन्या गाडीसाठी महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त कामाचा आहे. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा:

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: बॅटरी पूर्ण चार्ज
- १२.२ व्होल्टच्या आसपास: निम्मी उतरलेली
- १२ व्होल्टच्या खाली: जवळपास रिकामी

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक चांगली आणि एक मेलेली असली तरी ट्रक सुरू होत नाही.

आता सेल्फ मारताना तेच व्होल्टेज बघा. १२ व्होल्टच्या गाडीत ते साधारण १० च्या खाली कोसळलं तर बॅटरीत दम नाही. पण व्होल्टेज १० च्या वर राहूनही सेल्फ जड फिरत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी केबल तपासा.

इथे शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. तुमच्या फोनचा चार्जर साधारण २ ते ३ अँपिअर करंट देतो. ट्रकचा सेल्फ काहीशे अँपिअर खातो. समजा, गंजलेल्या टर्मिनलमुळे फक्त ०.०१ ओहम एवढा अडथळा तयार झाला. ३०० अँपिअरला ०.०१ ने गुणा, ३ व्होल्ट झाले. म्हणजे १२ पैकी ३ व्होल्ट त्या पांढऱ्या-हिरव्या थरातच संपले. दिव्यांना थोडाच करंट लागतो, त्यामुळे ते मस्त लागतात आणि आपल्याला वाटतं जोड ठीक आहे. सेल्फ मात्र उपाशी राहतो.

हे पकडायची युक्ती अशी: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर ठेवा, मग सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंग खराब आहे. तसंच बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यातही मोजा.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह काढा आणि लावताना तो शेवटी लावा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. बस, एवढ्यावर कितीतरी गाड्या सुरू होतात.

जंप स्टार्ट करताना

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावायची असेल तर १२ ला १२ आणि २४ ला २४ हा नियम मोडू नका. जोडायचा क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून ही काळजी. घरातली लाइटची वायर यासाठी वापरू नका, ती वितळते.

सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये एक-दोन मिनिटं थांबा. सतत मारत राहिलात तर सेल्फची वाइंडिंग जळते आणि बिल दुप्पट होतं.

दुसरा प्रश्न: इंजिन फिरतंय, मग धूर येतोय का?

सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी घेत नाही? मग एकाला सायलेन्सरकडे उभं करा.

धूर अजिबात नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाहीये.
पांढरा धूर: डिझेल पोचतंय पण जळत नाही. इंजिन थंड, कॉम्प्रेशन कमी, पंपाचं टायमिंग चुकलेलं किंवा डिझेलमध्ये पाणी.
काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय का बघा.

धूर नसेल तर सगळ्यात आधी स्टॉप नॉब बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये इंजिन बंद करायला एक नॉब ओढावा लागतो, तो पंपाचं डिझेल तोडतो. हा नॉब ओढलेलाच राहिला किंवा त्याची केबल अडकली तर तुम्ही दिवसभर सेल्फ मारला तरी गाडी सुरू होणार नाही. पंपावरची ती छोटी दांडी पूर्ण मागे आली आहे का, हे टॉर्च मारून डोळ्यांनी बघा. मग टाकीत डिझेल आहे का ते बघा. काट्यावर विश्वास नको, टाकीचं झाकण उघडून स्वच्छ काठी घालून खात्री करा.

'एअर घेतली' म्हणजे नेमकं काय?

हा शब्द तुम्ही प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकला असेल. एक प्रयोग करून बघा. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या ढकला, हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा ठेवून तेच करा, दट्ट्या आत जातो आणि सोडला की परत येतो. डिझेल पंपाचंही असंच आहे. जुन्या पद्धतीचं नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो. ट्रकच्या टायरमधली हवा ७-८ बारची असते, त्यावरून अंदाज घ्या. पाइपात फक्त डिझेल असेल तर हा दाब लगेच तयार होतो. हवेचा बुडबुडा असेल तर पंपाची सगळी मेहनत तो बुडबुडा दाबण्यात जाते आणि नोझल उघडतच नाही.

हवा येते कुठून? टाकी पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा पाइपाला चीर गेली की ती शिरते. यातली गंमत अशी की टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात पंप डिझेल ओढत असतो. तिथे बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून 'खाली थेंबही नाही, मग गळती कुठून?' हे म्हणणं फसवं आहे. रात्री नीट बंद केलेली गाडी सकाळी त्रास देते आणि दिवसभर चांगली चालते, तेव्हा या रबरी पाइपांवर पहिला संशय घ्या.

एअर कशी काढायची?

१. टाकीत पुरेसं डिझेल भरा. फिल्टरभोवतीची माती पुसून घ्या.
२. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू एक-दोन आटे ढिला करा.
३. फीड पंपावरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.
४. मुख्य पंपावरच्या स्क्रूलाही हेच करा. शेवटी हातपंपाची मूठ खाली दाबून परत आवळायला विसरू नका.
५. तरी सुरू झाली नाही तर दोन नोझलच्या पाइपांचे नट एक आटा ढिले करून थोडा सेल्फ मारा. डिझेल झिरपू लागलं की नट घट्ट करा.

पाचव्या पायरीला हात आणि चेहरा लांब ठेवा. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी फोडून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा.

पावसाळ्यात अजून एक तपासणी करा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते खाली बसतं आणि दोन थर स्पष्ट दिसतात. पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा.

हे 'जुगाड' टाळा

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं हा शॉर्टकट महागात पडतो. ही वाफ डिझेलच्या आधीच, चुकीच्या वेळी पेटते. त्या धक्क्याने पिस्टन आणि रिंग तुटू शकतात, आग लागू शकते ती वेगळीच.

धक्का स्टार्ट यांत्रिक पंपाच्या गाडीला चालतो, कारण एकदा फिरलं की इंजिनाला विजेची फारशी गरज नसते. पण लोड भरलेली गाडी उतारावर सोडून हा प्रयोग नको. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरला ताकद मिळत नाही. आणि एअर ब्रेकच्या ट्रकला टाकीत हवा नसेल तर विचारसुद्धा करू नका.

मग फोनचा उपयोग काय?

भरपूर आहे! कुठलीही वायर किंवा पाइप काढण्याआधी फोटो काढा, परत लावताना गोंधळ होत नाही. डिझेलचा परतीचा पाइप पारदर्शक असेल तर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे दिसतात. आणि मिस्त्रींना फोन करून 'दादा, गाडी चालू होत नाही' एवढंच सांगू नका. व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका:

"मिस्त्री, ४०७, १२ व्होल्ट. काल संध्याकाळी चांगली चालली. बॅटरी १२.५. सेल्फ जोरात फिरतो, धूर नाही. स्टॉप नॉब आत आहे, टाकीत डिझेल आहे. परवा फिल्टर बदलला. आवाजाचा व्हिडिओ सोबत."

हा मेसेज वाचून अनुभवी मिस्त्री घरूनच सांगतील, 'एअर घेतली असेल, फिल्टरचं वॉशर बघ.' यायचं झालंच तर बरोबर सामान घेऊन येतील. एक फेरी वाचली, पैसे वाचले आणि माल वेळेत निघाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी सुरू झाली, आता पुढे काय?
इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत ते साधारण १३.८ ते १४.५ हवं. कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, नाहीतर उद्या सकाळी हीच कथा.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासला तर?
नको. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. मीटरच वापरा.

कधी थांबायचं आणि मिस्त्रींना बोलवायचं?
इंजिन हाताने किंवा सेल्फने अजिबात फिरत नसेल, ऑइलमध्ये पाणी दिसत असेल, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येत असेल किंवा एअर काढूनही दाट पांढरा धूर येत असेल तर थांबा. पंपाचं टायमिंग आणि नोझल घरी उघडायची गोष्ट नाही.

तर मित्रांनो, दोनच प्रश्न लक्षात ठेवा: इंजिन फिरतंय का? फिरत असेल तर धूर येतोय का? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत एकही नवा पार्ट विकत घेऊ नका. आणि हा लेख फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण गाडी बंद पडते तेव्हा नेमकी रेंज नसते!